सही करायची की घरी जायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही नागपूरजवळ एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये काम करता आणि बाहेरून तत्त्वज्ञानात एम.ए. करता. दर शुक्रवारी तुमच्यापुढे पाण्याच्या नमुन्यांचे रिपोर्ट सहीला येतात. त्यातल्या काही चाचण्या झालेल्याच नसतात, मागच्या महिन्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून बसवलेले असतात. वरिष्ठ म्हणतात, "सगळीकडे असंच चालतं." रात्री अभ्यासाला बसलं की पुढ्यात विष प्यावं लागलेला सॉक्रेटिस आणि जिवंत जाळलेला ब्रूनो. तुम्ही विचारता: "खरं बोलणाऱ्यांना इतिहासात विष, आग नाहीतर तुरुंगच मिळाला. मग हे धैर्य माणसात येतं कुठून? आणि ज्याच्यात ते नाही तो भित्राच का?"

मी ३१ वर्षं नागपुरात तत्त्वज्ञान शिकवलं. हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी विचारायचंच. काटोलकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला होता, "सर, खरं बोलून सॉक्रेटिसचं काय भलं झालं बाप्पा?" वर्ग हसला. मी कीर्ती अमर राहते वगैरे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पोराला कीर्तीशी काही देणंघेणं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. चारचौघांत उठून सत्य सांगायचं का, हा एक. खोट्याखाली माझं नाव घालू द्यायचं का, हा दुसरा. विषाचा प्याला आणि जळती चिता पाहून आपल्याला वाटतं की धैर्य म्हणजे फक्त पहिलं. तुमच्यापुढे दर शुक्रवारी येतो तो दुसरा.

सॉक्रेटिसचाच दाखला घ्या, पण इ.स.पू. ३९९ च्या खटल्याचा नको, तो सगळ्यांना पाठ आहे. त्याच खटल्यातल्या भाषणात त्याने स्वतः सांगितलेला पाच वर्षांपूर्वीचा प्रसंग बघा. अथेन्समध्ये तेव्हा तीस जुलूमशहांची राजवट होती. त्यांनी सॉक्रेटिसला आणि आणखी चौघांना बोलावून हुकूम दिला: सॅलॅमिस बेटावर जा आणि लिऑन नावाच्या माणसाला धरून आणा, त्याला मारायचंय. अशी कामं मुद्दाम वेगवेगळ्या लोकांना सांगत, म्हणजे जास्तीत जास्त हात बरबटतील. सॉक्रेटिस म्हणतो, आम्ही बाहेर पडलो, ते चौघे सॅलॅमिसला गेले आणि मी घरी गेलो.

भाषण नाही, निषेध नाही, घोषणा नाही. नुसता घरी गेला. आणि पुढे सांगतो की ती राजवट लवकर कोसळली नसती तर बहुधा यासाठी मला मारलंच असतं. म्हणजे घरी जाण्याची किंमत त्याला पुरती ठाऊक होती. "सगळीकडे असंच चालतं" या वाक्याचा अर्थही त्याला कळला होता. ते वाक्य माहिती देत नाही, आमच्यात सामील हो म्हणतं.

मी हा प्रसंग शिकवायचो तेव्हा हुशार मुलं एक आक्षेप घ्यायची आणि तो अजून मला पुरता परतवता आलेला नाही. लिऑनचं काय झालं? तो मेला. चौघे गेले, घेऊन आले, त्याला मारलं. सॉक्रेटिसचे हात स्वच्छ राहिले, पण लिऑनच्या बायकोला त्याचा काय उपयोग? त्याने सॅलॅमिसला निरोप धाडायला नको होता का? ते भाषण लिहून ठेवणारा त्याचा शिष्य प्लेटो याबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या बाबतीत तर हा आक्षेप फारच जवळचा आहे, कारण ते पाणी कुणीतरी पितं. तुम्ही सही नाही केली तर शेजारच्या टेबलावरचा करेल आणि पाणी नळाला तसंच येईल. म्हणून घरी जाणं पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. सुरुवात तिथून होते, एवढंच. ज्याने सही केली त्याला पुढे तोंड उघडणं फार जड जातं, कारण पहिला पुरावा त्याच्याच विरुद्ध असतो. वरिष्ठांना तुमची सही हवी असते त्यातलं अर्धं कारण हेच.

आता चारचौघांत बोलण्याकडे येऊ. ग्रीक लोकांकडे यासाठी एक शब्द होता: पॅरेसिया, शब्दशः 'सगळं बोलणं'. डायोजिनीस या ग्रीक तत्त्वज्ञाला कुणी विचारलं, माणसातली सगळ्यात सुंदर गोष्ट कोणती, तर तो म्हणाला पॅरेसिया. मिशेल फुको या फ्रेंच तत्त्वज्ञाने आयुष्याच्या शेवटी याच शब्दाचा ध्यास घेतला. १९८३ मध्ये बर्कलेला त्यावर व्याख्यानं दिली, १९८४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पॅरिसला 'सत्याचं धैर्य' याच नावाने शेवटची व्याख्यानमाला केली, आणि त्याच जूनमध्ये तो गेला. त्याने केलेलं विश्लेषण मला कामाचं वाटतं. बोलणारा स्वतःला जे खरं वाटतं तेच बोलतो, स्वतःच्या नावाने बोलतो, त्यात त्याला धोका असतो, आणि बोलणं खालून वर जातं. व्याकरण शिकवणारा मास्तर खरंच बोलतो, पण त्याला धोका काय? राजाने प्रजेला सुनावणं म्हणजे पॅरेसिया नव्हे.

मराठीत आपण 'परखड' म्हणतो, 'स्पष्टवक्ता' म्हणतो, रागात असलो तर 'फटकळ'. पण "मी बुवा तोंडावर बोलतो" असं अभिमानाने सांगणारे बहुतेक लोक हाताखालच्यांच्याच तोंडावर बोलतात. साहेबांसमोर त्यांचाच आवाज साखरेच्या पाकातून आल्यासारखा येतो. प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने यावर एक झकास निबंध लिहिलाय, खुशामतखोर आणि मित्र यांतला फरक कसा ओळखावा म्हणून. तो म्हणतो की पक्का खुशामतखोर स्पष्टवक्तेपणाचंही सोंग आणतो: तुमच्या केसांवर, कपड्यांवर बिनधास्त टीका करतो आणि मोठ्या चुकीबद्दल चकार शब्द काढत नाही. ऑफिसात हा प्राणी तुम्ही पाहिला असेल.

आणि आपल्या गावात तर वर्षातून एक दिवस सगळं बोलण्याचाच असतो. तान्ह्या पोळ्याला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवत निघतात, मागे टीकेचे पुतळे म्हणजे बडगे असतात, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कुणाची गय नसते, आणि सगळा महाल-इतवारी परिसर "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडत असतो. मला ती मिरवणूक मनापासून आवडते. पण फुकोच्या कसोटीवर ती पॅरेसिया ठरत नाही. तिथे गर्दी बोलते, बडग्याखाली कुणाची सही नसते, आणि संध्याकाळी सगळं जाळून लोक घरी जातात. दुसऱ्या दिवशी ज्याच्यावर बडगा होता तो आपल्या खुर्चीत असतो आणि ज्याने बडगा बांधला तो आपल्या दुकानात.

तुकोबांची ओळ बहुतेकांना अर्धीच आठवते: "सत्य असत्याशी मन केले ग्वाही। मानियेले नाही बहुमता॥" ग्वाही म्हणजे साक्षीदार. बहुमत बाजूला सारलं की साक्षीला एकटं मनच उरतं, आणि आपणच आपल्याविरुद्ध साक्ष देऊ शकतो ही त्यातली अडचणीची बाजू. इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सच्या सभेने आर्गिनुसाईच्या लढाईतल्या सेनापतींना एकाच झटक्यात, एकत्र दोषी ठरवायचं म्हटलं. कायद्याने प्रत्येकाचा खटला वेगळा व्हायला हवा होता. त्या दिवशी कामकाज चालवणाऱ्यांत असलेला सॉक्रेटिस एकटाच नाही म्हणाला. लोक आरडाओरडा करत होते. सेनापती शेवटी मारलेच गेले.

आता तुम्ही न विचारलेला, पण मनात असणार असा मुद्दा. प्रत्येक खरी गोष्ट बोलायलाच हवी का? इथे तत्त्वज्ञांची चांगलीच जुंपलेली आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये लिहिलं की खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलायचा हक्क तुम्हाला नाही. आपल्याकडे कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला याच्या अगदी उलट कथा सांगतो. कौशिक नावाच्या तपस्व्याने सदा सत्य बोलायचं व्रत घेतलेलं. लुटारूंना चुकवून पळालेले लोक कुठे लपलेत हे त्याने लुटारूंना खरंखरं सांगितलं, ते लोक मारले गेले, आणि कौशिक नरकात गेला. सत्य बोलून नरकात! वर्गात मी हे दोन्ही एकाच तासाला शिकवायचो आणि मुलं तास संपला तरी उठायची नाहीत.

पण कांट स्वतः कसा वागला ते बघा. १७९४ मध्ये प्रशियाच्या राजाने त्याला दम दिला की धर्माविषयी असलं लिखाण पुन्हा करू नकोस. सत्तर वर्षांच्या कांटने उत्तर पाठवलं: "महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन या नात्याने" मी गप्प राहीन. तो राजा १७९७ मध्ये वारला. पुढच्या वर्षी कांटने धर्मावर पुन्हा लिहिलं, तो पत्रव्यवहारही छापला, आणि वर तळटीप दिली की ते शब्द मी जाणूनबुजून निवडले होते: त्या महाराजांचा प्रजाजन, म्हणजे ते असेपर्यंतच. काहींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत, पण तुमचं मत वेगळं असू शकतं. त्याची भूमिका अशी होती की जे बोलशील ते सगळं खरं असलं पाहिजे, पण जे जे खरं ते सगळं जाहीर बोललंच पाहिजे असं कर्तव्य नाही.

दीक्षाभूमीवर जाता-येता ही गोष्ट मला बाबासाहेबांमुळे जास्त नीट कळली. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे लाखो लोकांनी पंचशील घेतलं. त्यातलं चौथं: "मुसावादा वेरमणी". वेरमणी म्हणजे परावृत्त राहणं. बावीस प्रतिज्ञांतलं वाक्यही तसंच आहे, मी खोटं बोलणार नाही. मी सतत सगळं सत्य सांगत सुटेन असं ते नाही. शीलाचा पाया म्हणून जे मागितलंय ते गरीब-श्रीमंत, शिकलेला-अडाणी, कुणालाही जमण्यासारखं आहे: खोट्यात भाग घेऊ नकोस.

अर्थात गप्प राहूनही खोटं बोलता येतं. "नरो वा कुंजरो वा" मधला शब्द न् शब्द खरा होता, फक्त कुंजर हळू म्हटला गेला, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. रिपोर्टात एखादा रकाना कोरा असेल तर तो खरा रिपोर्ट आहे. त्याच रकान्यात मागच्या महिन्याचा आकडा असेल तर आकडा खरा असूनही रिपोर्ट खोटा.

मग बोलायचं कधी? यावर मला सगळ्यात पटलेलं उत्तर बुद्धाचं, अभय राजकुमाराला दिलेलं. अभयने पेच टाकला होता: तथागत लोकांना न आवडणारं बोलतात का? हो म्हटलं तरी अडचण, नाही म्हटलं तरी अडचण. तेव्हा अभयच्या मांडीवर त्याचं तान्हं मूल होतं. बुद्धाने विचारलं, या लेकराने तोंडात काडी नाहीतर खडा घातला तर काय करशील? अभय म्हणाला, एका हाताने डोकं धरीन आणि बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी चालेल, कारण मला त्याची दया आहे. बुद्ध म्हणाला, माझंही तसंच: जे खरं आहे आणि हिताचं आहे ते अप्रिय असलं तरी मी बोलतो, पण वेळ जाणून. खरं, हिताचं आणि वेळ. तुमच्या पाण्याच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी आहेतच. शिल्लक आहे ती वेळ, म्हणजे कुणाला, कशा क्रमाने आणि हातात काय घेऊन.

इथे माझी एक गोष्ट सांगतो, फार अभिमानाची नाही. एका संस्थेत असताना तपासणी समिती येणार म्हणून आम्हाला न झालेल्या सभांची इतिवृत्तं सहीला दिली. मी एका दुपारी अकरा इतिवृत्तांवर सह्या केल्या. वेगवेगळ्या तारखांच्या वाटाव्यात म्हणून पेनं बदलून केल्या: निळं, काळं, परत निळं. त्याच दुपारी साडेतीनला माझा नीतिशास्त्राचा तास होता. तो घेतलाही.

काही वर्षांनी तसंच पुन्हा आलं तेव्हा मी म्हणालो, सभा झाली नाही असं लिहून द्या, त्यावर करतो. काय झालं? फारसं काही नाही. दोन समित्यांतून नाव गेलं, आणि वर्षभर वेळापत्रकात सकाळचा पहिला आणि दुपारचा शेवटचा तास माझ्या वाट्याला. पण मी कायम नोकरीत होतो. माझ्या शेजारी बसलेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा तरुण, त्याने सही केली. त्याला भित्रा म्हणायची माझी छाती नाही. त्याने सही नाकारली असती तर पुढच्या सत्रात त्याला बोलावणंच आलं नसतं. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. धोका सगळ्यांना सारखा नसतो, आणि दुसऱ्याचा धोका आपण मापून त्याच्या धैर्याला गुण देऊ नयेत.

बोलायचं ठरलं तर कागद आधी. टिळक-आगरकरांचं धैर्य कुणी नाकारत नाही, पण कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध त्यांनी ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खरेपणाने बोलणं आणि बोललेलं खरं असणं यांत अंतर राहू शकतं. तुमच्या तारखा, नमुना क्रमांक, कोणती चाचणी झाली आणि कोणती नाही, हे तुमच्या स्वतःच्या वहीत त्या त्या दिवशी लिहिलेलं असू द्या. कायद्याच्या बाजूसाठी एखाद्या वकिलाला आधी भेटा. ते माझं क्षेत्र नव्हे.

आता धैर्य येतं कुठून. प्लेटोच्या 'लॅकेस' या संवादात दोन सेनापती धैर्याची व्याख्या शोधतात आणि शेवटपर्यंत ती सापडत नाही. मला त्यातली एक वेगळीच जागा आवडते. त्यांतला एक सेनापती लॅकेस म्हणतो, सॉक्रेटिस काय बोलतो मला माहीत नाही, पण डेलियमच्या लढाईतल्या माघारीत मी त्याच्याबरोबर होतो, तो कसा चालत होता ते मी पाहिलंय, तेव्हा त्याला काय विचारायचं ते विचारू द्या. बोलण्याचं वजन चालण्यातून आलं, आणि तेही विजयात नव्हे तर माघारीत. प्राचीन काळचा वैद्य गॅलेन तर सरळ उपाय सांगतो: जो खुशामत करत नाही असा एखादा वयस्क माणूस शोधा आणि त्याला सांगा, माझ्यात काय चुकतंय ते रोज सांगत जा. ऐकणाराही दुर्मिळ असतोच की. "अप्रियस्य तु पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः" असं मारीच रावणाला सांगतो, आणि रावण काय करतो हे आपल्याला माहीत आहे.

माझा असा एक मित्र आहे, बँकेतून निवृत्त झालेला. सकाळी अंबाझरीला फिरताना त्याला त्या अकरा सह्यांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पेनं काहून बदलली मग?" म्हणजे चूक आहे हे तुला तेव्हाच कळलं होतं. माझी मनाची ग्वाही त्याच्या तोंडून बाहेर आली. तुमच्या लॅबमध्ये असा एक माणूस आहे का बघा. दोघं असलात तर शुक्रवारचं टेबल वेगळं दिसतं.

तुमच्या बाबतीत मला एक गोष्ट कळलेली नाही आणि बरंचसं तिच्यावर अवलंबून आहे. सहीच्या वर नेमकं काय छापलेलं असतं? "या चाचण्या मी केल्या", की "चाचण्यांचे निष्कर्ष मला मिळाले"? आणि न झालेल्या चाचणीपुढे "चाचणी झाली नाही" असं लिहून सही करायची मुभा आहे का, हे तुम्ही कधी विचारून पाहिलंय का? विचारलं असेल तर समोरून काय उत्तर आलं तेही कळवा.